पिंजऱ्यातील ठेव

प्राणिसंग्रहालय हा शब्द उच्चारला की जीवदयेचे संस्कार लाभलेल्या मनाला प्राण्यांच्या आधी गज दिसतात. मुक्त जिवाला बांधून ठेवणे हा अहिंसाणुव्रताच्या अतिचारांपैकी एक मानला गेला आहे. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जेथे पावलेही जपून टाकली जातात, अशा घरातील माणसाला वाघाच्या पिंजऱ्यातील येरझारा रुचत नाहीत, हे स्वाभाविकच आहे. नातवंडांच्या हट्टापायी राणीच्या बागेत गेलेले आजी-आजोबा बाहेर पडताना बहुधा गप्प असतात. लहानग्याने "आजोबा, ह्याने काय गुन्हा केला?" असे विचारले, तर त्यांच्यापाशी उत्तर नसते.

हा प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तर मात्र दोन शब्दांत संपणारे नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या गजांआड जे घडले, त्यात लज्जास्पद पुष्कळ आहे आणि वंदनीयही पुष्कळ आहे. दोहोंचा हिशोब एकाच वहीत मांडल्याखेरीज निवाडा करणे न्यायाचे होणार नाही.

पांजरपोळ हा शब्द व्यापारी समाजाच्या ओठी शतकानुशतके आहे. त्या शब्दातच पंजर, म्हणजे पिंजरा, दडलेला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. तेथेही कुंपण असते, दावे असते, फाटक असते. परंतु ते बंधन जिवाच्या रक्षणासाठी असते, म्हणून कोणाला बोचत नाही. पांजरपोळ एकेका जिवाला सांभाळते. त्याचा अंतकाळ सुखाचा व्हावा एवढीच तिची अपेक्षा असते. उत्तम प्राणिसंग्रहालयाचे काम याहून निराळे आहे. ते एका जिवाच्या निमित्ताने संपूर्ण जातीला सांभाळते. एखाद्या प्राण्याचा वंश पृथ्वीतलावरून नाहीसा होण्याच्या बेतात असतो, तेव्हा उरलेले मुद्दल कोठेतरी सुरक्षित ठेवावे लागते. त्या अर्थाने प्राणिसंग्रहालय ही ठेव आहे. आता ठेव म्हटली की तीन प्रश्न आलेच: मुद्दल किती, त्याची नोंद कोणी ठेवली, आणि मूळ धन्याला, म्हणजे अरण्याला, ते परत केव्हा मिळाले?

प्रारंभी हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. उत्तर अमेरिकेत प्रवासी कबुतर नावाचा पक्षी एके काळी अब्जावधींच्या संख्येने होता. त्याचे थवे आकाश झाकून टाकीत. बंदुका आणि जाळी यांनी तो इतक्या झपाट्याने संपविला, की १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीची अखेरची मादी मरण पावली. ७ सप्टेंबर १९३६ रोजी ऑस्ट्रेलियातील होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटच्या ज्ञात टास्मानियन वाघाने प्राण सोडला. दोन्ही ठिकाणी प्राणिसंग्रहालय केवळ साक्षीदार ठरले. मुद्दल बुडाल्यावर तिजोरी उघडून पाहावी, तसा तो प्रकार होता.

त्याच सुमारास, नकळत का होईना, उलट उदाहरणही घडले होते. चीनमध्ये मिलू नावाचे दलदलीत राहणारे हरीण होते. रानातून ते केव्हाच नाहीसे झाले होते; बीजिंगजवळच्या बादशाही उद्यानात मात्र त्याचा कळप शिल्लक होता. १८९५ चा पूर आणि १९०० च्या सुमाराचे युद्ध यांत तोही नष्ट झाला. मात्र तत्पूर्वी काही हरणे युरोपातील प्राणिसंग्रहालयांत गेली होती. इंग्लंडमधील बेडफर्डच्या ड्यूकने ती ठिकठिकाणांहून गोळा करून आपल्या वोबर्न येथील जागेत अठराचा कळप जमविला. आज जगातील प्रत्येक मिलू हरीण त्या कळपाचा वंशज आहे. १९८५ मध्ये ती हरणे बीजिंगच्या त्याच भूमीवर परत आली, जेथून त्यांचे पूर्वज नाहीसे झाले होते. स्वदेशी परतायला या ठेवीला सुमारे नव्वद वर्षे लागली.

पुढील पिढीने हे काम समजून-उमजून केले. अरबस्तानच्या वाळवंटात ओरिक्स नावाचे पांढरे, लांब सरळ शिंगांचे हरीण असते. मोटारी आणि आधुनिक बंदुका आल्यावर त्याची शिकार अत्यंत सोपी झाली. १९६२ मध्ये एका ब्रिटिश संस्थेने मोहीम काढून एडनच्या परिसरातून मोजकी हरणे पकडली. त्यांतील तीन, लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने दिलेले एक, कुवेतच्या शासकाकडील एक आणि सौदी अरेबियाच्या राजाकडील चार, असा नऊ प्राण्यांचा कळप अमेरिकेतील फिनिक्स येथील प्राणिसंग्रहालयात उभा राहिला. त्याला 'जागतिक कळप' असे नाव मिळाले. अरबस्तानचे प्राणी अमेरिकेत नेण्याचे कारणही व्यवहारी होते. तेथील हवा तशीच कोरडी आणि उष्ण होती. १९७२ मध्ये वाळवंटातील शेवटचे ओरिक्स मारले गेले. त्या दिवशी ही ठेव नसती, तर ही जात केवळ चित्रांत उरली असती. १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात पहिला कळप मोकळा सोडण्यात आला आणि त्याची राखण तेथील हरासीस टोळीच्या माणसांवर सोपविण्यात आली. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या प्राण्याचा धोक्याचा दर्जा खाली आणला, तेव्हा रानात सुमारे एक हजार ओरिक्स होते. रानातून पूर्ण नष्ट झालेल्या प्राण्याने इतकी मजल मारल्याचे ते पहिलेच उदाहरण होते.

या कामाचा कणा म्हणजे एक वही. अनेक दुर्मीळ जातींपैकी प्रत्येकीची जगभर एकच वंशनोंदवही ठेवली जाते. कोणता प्राणी कोठे जन्मला, त्याचे आईबाप कोण, तो कोठे पाठविला, केव्हा मेला, हे सर्व तीत लिहिलेले असते. मंगोलियाच्या रानटी घोड्याची अशी वही १९५९ पासून प्राग येथील प्राणिसंग्रहालय सांभाळते. १९६९ नंतर तो घोडा रानात कोणाला दिसला नाही, आणि प्राणिसंग्रहालयांतील सर्व घोडे जेमतेम डझनभर पूर्वजांची संतती होते. इतक्या थोड्या घराण्यांत सोयरीक करीत राहिले, तर रक्त दुबळे होते. व्यापारी समाजाला हे समजावून सांगावे लागत नाही. लग्न जुळविताना दोन्हीकडील गोत्र-आडनावे तपासण्यामागे हेच शहाणपण आहे. म्हणून एका देशातील घोडी दुसऱ्या देशातील घोड्याकडे पाठवायची की नाही, हे वही पाहून ठरू लागले. येथे प्राण्यांची खरेदी-विक्री सहसा होत नाही. ते परस्परांच्या विश्वासावर उसने दिले-घेतले जातात. १९९२ मध्ये हे घोडे मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात परतले. आज तेथे त्यांची शिंगरे जन्माला येत आहेत.

भारतही या देवघेवीबाहेर राहिलेला नाही. १९७० च्या दशकात आपल्या नद्यांतील सुसरी इतक्या घटल्या होत्या, की प्रौढ सुसरींची संख्या दोनशेच्याही आत आली असावी असे मानले जाई. १९७५ मध्ये शासनाने मगर-सुसर संवर्धनाचा प्रकल्प हाती घेतला. भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात माद्या होत्या, पण प्रौढ नर नव्हता. तो जर्मनीतील फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाने दिला. १९८० मध्ये तेथे जगात प्रथमच बंदिवासात सुसरीची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. गंगेच्या खोऱ्यातील प्राण्याचा वंश राखण्यास जर्मनीतील एक नर उपयोगी पडला.

आसामातील पिग्मी हॉग हे जगातील सर्वांत लहान रानडुक्कर. त्याची उंची वीतभरापेक्षा थोडीच अधिक. ते नामशेष झाले असे समजले जात होते. १९७१ मध्ये ते पुन्हा दिसले. १९९६ मध्ये मानसच्या गवताळ रानातून अवघी सहा जनावरे पकडून गुवाहाटीजवळ संवर्धन सुरू झाले. आसामच्या वनखात्याच्या जोडीने या कामात जर्सी बेटावरील, जेराल्ड ड्युरेल यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या प्राणिसंग्रहालयाची संस्था उभी राहिली. २००८ पासून शंभराहून अधिक डुकरे पुन्हा रानात सोडण्यात आली आहेत. या प्राण्याला सौंदर्य नाही, पुराणात स्थान नाही, पाहायला गर्दीही होत नाही. तरीही त्याच्यासाठी माणसे पदरमोड करून वर्षानुवर्षे झटली, ही गोष्ट जीवदयेची व्याख्या विस्तारणारी आहे.

जुनागढच्या सक्करबाग संग्रहालयाची स्थापना १८६३ ची. गीरच्या सिंहांचा वंश अरण्याबाहेर सुरक्षित ठेवण्याचे मोठे काम या संस्थेने केले. सारे सिंह एकाच टापूत असताना साथ आली, तर काय होईल, या भीतीवर तो एक विमा आहे. देशातील अशा सर्व संस्थांवर १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे. त्याच्या मान्यतेवाचून प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही.

मात्र ज्या पक्ष्याची कहाणी व्यापारी आणि गोसेवक कुटुंबांच्या थेट उंबरठ्याशी येऊन पोहोचते, तो पक्षी म्हणजे गिधाड. गावाबाहेर मेलेले ढोर काही तासांत साफ करणारा हा सफाईदार कोणाचेही वेतन घेत नव्हता. १९९० च्या दशकात तो नाहीसा होऊ लागला. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एखादेच उरावे इतकी घटली. इतर दोन जातींचीही तीच दशा झाली. मुंबईतील पारशी समाजाच्या दखम्यांवर त्यांची उणीव तीव्रतेने जाणवली. कारण बरीच वर्षे सापडेना. अखेर २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनाने ते उघड केले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध गिधाडांना विष ठरत होते. ते दिलेले जनावर लवकरच मेले आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड काही दिवसांत निकामी होई. शंभरांतील एखादेच शव असे दूषित असले, तरी सारा वंश बुडण्यास तेवढे पुरे होते, कारण एका शवावर अनेक गिधाडे उतरतात.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. गाय लंगडते, तिला वेदना होतात, म्हणून कोणी दयाळू माणूस तिला इंजेक्शन देववितो. हेतू निर्मळ असतो. परंतु त्या करुणेच्या मागोमाग दुसऱ्या जिवाचा वंश संपत जातो, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हानी तेथेच थांबत नाही. शवे कुजतात, पाणी दूषित होते, भटकी कुत्री वाढतात. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसे अधिक मृत्युमुखी पडली असावीत. विवेकावाचून केलेली दया किती महाग पडते, याचे याहून भयंकर उदाहरण सापडणे कठीण.

गिधाडे वाचविण्याचे काम पुन्हा पिंजऱ्यानेच केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणाचे वनखाते यांनी पिंजोर येथे २००१ मध्ये केंद्र सुरू केले. पुढे पश्चिम बंगाल, आसाम आणि भोपाळ येथेही केंद्रे झाली. जुनागढ, हैदराबाद आणि नंदनकानन येथील प्राणिसंग्रहालयांनीही संवर्धनाचा भार उचलला. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. असे मुद्दल वाढविणे म्हणजे अत्यंत अल्प व्याजावर धीराने बसणे होय. म्हणून पहिले अंडे काढून उबवणी यंत्रात ठेवायचे, म्हणजे मादी दुसरे घालते, अशी युक्ती तेथे योजिली गेली. २०२४ मध्ये पिंजोरची काही गिधाडे महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचच्या अरण्यांत आणून, पाठीवर यंत्र बांधून मोकळी सोडण्यात आली.

अमेरिकेतील काँडोर या विशाल गिधाडाची कथाही अशीच आहे. १९८७ मध्ये रानातील शेवटचा काँडोर पकडला, तेव्हा जगात त्यांची संख्या २७ होती. सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिस येथील प्राणिसंग्रहालयांनी ती वाढविली. पिलांना माणसाची सवय लागू नये म्हणून त्यांना काँडोरच्या तोंडाचे बाहुले हातात घालून भरविले जाई. १९९२ मध्ये ते पुन्हा आकाशात गेले आणि आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे. परंतु शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे पोटात जाऊन ते अद्यापही मरतात. कॅलिफोर्नियात शिशाच्या गोळ्यांनी शिकार करण्यावर २०१९ मध्ये पूर्ण बंदी आली.

यातून निष्पन्न होणारा नियम स्पष्ट आहे. विष तसेच राहिले, तर ठेव परत करून उपयोग नाही. ओमानने हा धडा कटू अनुभवातून घेतला. १९९६ मध्ये तेथील रानात ४५० ओरिक्स होते. चोरट्या शिकारीमुळे २००७ पर्यंत ते ६५ वर आले. त्यातच शासनाने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटविले, आणि युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले. त्या यादीतून वगळले गेलेले ते पहिलेच स्थळ. फिनिक्सच्या नऊ प्राण्यांपासून उभे केलेले धन निष्काळजी वारसाने उधळावे, तसे हे झाले. अरण्य राखले नाही, तर उत्तमातले उत्तम प्राणिसंग्रहालयही केवळ कोठडी ठरते.

प्रत्येक संग्रहालय या कसोटीस उतरते असेही नाही. पांढरा वाघ पाहण्यास झुंबड उडते. परंतु बंदिवासातील बहुतेक पांढरे वाघ १९५१ मध्ये रेवा संस्थानात पकडलेल्या एकाच नराचे वंशज आहेत. रंग टिकावा म्हणून जवळच्या नात्यात पैदास केल्याने त्यांच्यात व्यंगे येतात. अरण्याच्या दृष्टीने त्यांचे संवर्धनमूल्य शून्य आहे. गर्दी आणि कल्याण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोंदट पिंजरा, एकटे ठेवलेले माकड, दिवसभर एकाच जागी डोलणारा हत्ती हे जेथे दिसते, तेथे तक्रार करणे हाच धर्म होय.

मग दान देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने काय करावे? एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वाघ, सिंह, गिधाड हे मांसाहारी आहेत. पिंजोरच्या गिधाडांनाही शेळीचेच मांस द्यावे लागते. ज्याला तो खर्च आपल्या हातून होऊ नये असे वाटते, त्याच्या भावनेचा मान राखला पाहिजे. त्यासाठी मार्गही आहेत. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयासारख्या अनेक ठिकाणी प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे. तीत हरीण, हत्ती किंवा पक्षी यांचा खर्च उचलता येतो. वाढदिवसाच्या मेजवानीतील एक पदार्थ कमी केला, तरी एखाद्या हरणाच्या काही दिवसांच्या चाऱ्याची सोय होते. काही देणे शक्य नसले, तरी नातवंडांनी पिंजऱ्यात बिस्किटे आणि केळी फेकू नयेत, एवढी शिस्त लावणे कोणालाही जमते. फेकलेला खाऊ प्राण्यांना आजारी पाडतो. त्याला दान म्हणता येत नाही.

याहून महत्त्वाचे काम मात्र प्राणिसंग्रहालयाबाहेर आहे, आणि ते करण्यास पांजरपोळांचे विश्वस्त आणि औषधांचे व्यापारी यांच्याइतके समर्थ कोणीच नाही. गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात होत्या. म्हणून २०१५ मध्ये ३ मिलिलिटरहून मोठ्या कुपीवर बंदी घालावी लागली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधेही जनावरांसाठी निषिद्ध झाली. मेलॉक्सिकॅम हे गुरांची वेदना शमविणारे आणि गिधाडांना सुरक्षित असे औषध दुकानात उपलब्ध आहे. म्हणजे गायीची सेवा आणि गिधाडाचे रक्षण यांपैकी एकाची निवड करण्याची वेळच येत नाही. केवळ कुपीवरचे नाव वाचावे लागते.

पांजरपोळीच्या मासिक बैठकीत चाऱ्याचा भाव, गवताच्या गंजी, देणग्यांच्या पावत्या यांची चर्चा होतच असते. त्याच विषयपत्रिकेत आणखी एक कलम सहज बसेल: या महिन्यात जनावरांना कोणती औषधे दिली गेली, आणि औषधोपचार चालू असताना मेलेल्या जनावराचे शव कोठे गेले. पशुवैद्याकडून ती यादी घ्यावी, निषिद्ध नाव दिसले तर ती कुपी परत करावी, आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी.